जगाची भातुकली

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चार दिवसांमागे चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, यंदा बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही. मंडळातल्याच एकीने बोलायचे, आणि ती एक म्हणजे तुम्ही. मी म्हटले, "अहो, मी सातवी झालेली बाई. मला पापड-कुरडयांवर बोलायला सांगा, तासभर बोलते." त्यावर त्या म्हणाल्या, "मुलीच्या कॉलेजात जाऊन तुम्ही कुठला तरी देश झाला होतात म्हणे. तेवढेच सांगा." तर मी आज तेवढेच सांगणार आहे. बोलताना चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

आपण सगळ्याजणी लहानपणी भातुकली खेळलो आहोत. चुरमुऱ्यांचा भात, चिंचेच्या पाल्याची भाजी, आणि एकीने सासू व्हायचे, एकीने सून. खेळात जी सासू होई ती कमरेवर हात ठेवून बोलू लागे. तिला ते कोणी शिकवले नव्हते. त्या जागी बसले की तसे बोलणे आपोआप येते. संसार म्हणजे काय, हे आपण त्या बोळक्यांतच पहिल्यांदा शिकलो. माझ्या मुलीच्या कॉलेजात २०२४ सालच्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अशीच एक भातुकली मांडली होती. फरक एवढाच की त्यात घर नव्हते, अवघे जग होते.

आधी विषय काय तो सांगते. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने जो वायू निघतो तो हवेत साठत जातो आणि पृथ्वीवर गोधडीसारखा बसतो. गोधडीवर गोधडी पडत गेली की आत उकडणारच. जगाचे सरासरी तापमान त्यामुळे वाढत चालले आहे. २०२४ हे साल तर मोजदाद सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण ठरले. हे थांबवायचे तर सर्व देशांनी मिळून जाळणे कमी केले पाहिजे. म्हणून १९९२ साली ब्राझीलमध्ये रिओ येथे एक करार झाला, आणि १९९५ पासून बहुतेक दरवर्षी सर्व देशांची परिषद भरते. २०१५ च्या डिसेंबरात पॅरिसला मोठा करार झाला, तेव्हा आपल्या देशाच्या बाजूने तेव्हाचे पर्यावरणमंत्री, आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर बसले होते. तापमानातील वाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची, जमल्यास दीड अंशावर रोखायची, असे तेथे ठरले.

ठरले खरे, पण कोणी किती कमी करायचे आणि खर्च कोणी सोसायचा, ह्यावर भांडण आहेच. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन वायू हवेत जातो, आपल्या देशात सुमारे २ टन. आपण म्हणतो, "शंभर-दीडशे वर्षे तुम्ही जाळले, श्रीमंत झालात, आता आमच्या घरी दिवा लागतो आहे तर फुंकर मारता?" ते म्हणतात, "तुमची माणसे कितीतरी जास्त. उद्या तुम्ही आमच्याइतके जाळले तर?" २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत तर एका शब्दावर सारे अडले. कोळशाचा वापर हळूहळू बंद करायचा, असे मसुद्यात होते. तो कमी करायचा, असे लिहा, हा आग्रह शेवटच्या घटकेला भारताने धरला, चीनचेही तेच म्हणणे होते. शब्द बदलला गेला. परिषदेच्या अध्यक्षांचा गळा तेव्हा दाटून आला होता. एका शब्दासाठी एवढे काय, असे कोणाला वाटेल. पण लग्नाच्या याद्या करताना एका शब्दावरून मांडव मोडलेले आपण पाहिले आहेत.

हे सारे मुलांनी पुस्तकात वाचले तर परीक्षेपुरते राहते. म्हणून अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या विद्यापीठातील आणि क्लायमेट इंटरॅक्टिव्ह नावाच्या संस्थेतील मंडळींनी ह्याचा एक खेळ तयार केला आहे. मुलांचे सहा गट करायचे : अमेरिका, युरोप, इतर श्रीमंत देश, चीन, भारत, आणि इतर गरीब देश. शिक्षकांनी संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस व्हायचे. प्रत्येक गटाने आपसात ठरवून सांगायचे की, आमचा धूर अमुक सालापर्यंत वाढेल, अमुक सालापासून उतरू लागेल, झाडे इतकी लावू, गरीब देशांसाठी वर्षाला इतका पैसा देऊ किंवा आम्हाला इतका लागेल. मग हे आकडे संगणकात घालायचे. त्याचा हिशेब सांगतो की, एवढ्या कबुल्या सगळ्यांनी अक्षरशः पाळल्या तर २१०० साली जग किती अंशांनी तापलेले असेल. आकडा वाईट आला की पुन्हा वाटाघाटी, पुन्हा हिशेब.

पालकांना पाहायला बोलावले होते. मी आणि दुसऱ्या एका मुलीची आई मागे भिंतीशी बसलो होतो. गरीब देशांच्या गटात मुले कमी पडली, तेव्हा सर म्हणाले, "ह्या दोन ताईंनी बसावे." आम्ही नाही-होय करेपर्यंत मुलींनी हाताला धरून नेलेच. पाहते तो काय, अमेरिकेच्या आणि युरोपच्या टेबलावर स्वच्छ चादर, फुलदाणी, बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या. आणि आमच्यासाठी खाली सतरंजी, तीही आखूड. मला वाटले, टेबले कमी पडली असतील. नंतर कळले की हे मुद्दाम केलेले असते. आणि अमेरिकेच्या टेबलावर फुलदाणीमागे बसली होती माझीच मुलगी.

पहिल्या फेरीत आम्ही गरिबांनी पैसा मागितला. माझी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्याही देशात बेकार माणसे आहेत, कोळशाच्या खाणीत राबणारी माणसे आहेत. त्यांच्या खिशातून काढून तुम्हाला किती द्यायचे? आणि दिलेला पैसा योग्य कामाला लागेल ह्याची हमी कोण देणार?" जिला मी पहाटे उठून डबा करून देते, ती फुलदाणीमागून मला हमी मागत होती! मला हसूही आले आणि खरे सांगते, आत कुठेतरी लागलेही. मला उत्तर सुचले नाही. घरातही चार पुरुष बसले की मला उत्तर सुचत नाही, तसेच झाले.

पहिल्या हिशेबात सरांनी आकडा वाचला : जवळजवळ तीन अंश. मग दोन मुलांनी एक मोठी निळी ताडपत्री आणली, तीच हो, जी आपण खळ्यावर सोयाबीन झाकायला घेतो, आणि आम्हा सतरंजीवरच्या सगळ्यांवर पसरली. सर म्हणाले, "समुद्र चढला. किनाऱ्यावरचे आणि बेटांवरचे देश पाण्याखाली गेले." वर्ग हसत होता. ताडपत्रीखाली मात्र उकडत होते, अंधार होता, आणि टेबलावर बिस्किटे फोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तो आवाज मी विसरणार नाही.

ताडपत्री काढल्यावर मी बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढे आठवते की मी म्हणाले, "बाई, तू हमी मागतेस ते ठीक आहे. पण आम्ही तुझ्याकडे भीक मागायला आलो नाही. वरच्या शेतवाल्याने पाणी अडवले तर खालच्याने काय करावे, एवढेच विचारायला आलो आहोत." वर्ग गप्प झाला. मुलगीही गप्प झाली. मग त्यांच्या टेबलावर कुजबुज झाली आणि त्यांनी आकडा वाढवला. चीन आणि भारत ह्या गटांनीही आपापली साले अलीकडे ओढली. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी आकडा दोनच्या थोडा वरच राहिला. दोनच्या खाली काही आला नाही.

घरी येताना ऑटोत मी मुलीला म्हटले, "आपल्याच आईला बुडवलंस की गं!" ती हसली नाही. म्हणाली, "आई, सकाळी मला अमेरिका मिळाली तेव्हा रडूच आलं होतं. पण त्यांच्या बाजूनं बोलायला लागले आन् मला कळलं, त्यांनाही भ्याव आहे. घरी जाऊन आपल्या लोकायला तोंड द्यायचं असतं त्यांना. ते भ्याव कळल्याबिगर त्यांच्याशी बोलून उपयोग नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आन् दुसरं सांगू? पहिल्या फेरीत प्रत्येकाला वाटत होतं की आपण लई दिलं. बेरीज केली तवा कळलं की पुरलंच नाही."

मैत्रिणींनो, ही दोन वाक्ये मी पदराला गाठ मारून घरी आणली. ती कुठे कामाला आली ते आता सांगते.

पाण्याची वाटाघाट आपल्याला नवी नाही. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, आणि १९७६ साली इंदिराबाईंच्या हस्ते ते धरण राष्ट्राला अर्पण झाले. त्याच्या डाव्या कालव्याच्या शेपटाला आपण परभणीकर. वर नाशिक-नगरची धरणे भरली आणि खाली पाऊस झाला नाही की नाथसागर रिता. आपण म्हणतो, आमच्या हक्काचे पाणी सोडा. ते म्हणतात, आमचे भंडारदरा १९२६ सालचे, तुमचे धरण पन्नास वर्षांनी झाले. आमच्या बागा वाळवून तुम्हाला कसे द्यावे? हा वाद कोर्टात गेला, प्राधिकरणापुढे गेला. शेवटी २०१४ सालच्या आदेशाने ठरले की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरून सोडायचे. त्या टक्केवारीवरून पुढेही वाद झाले. पण सांगायचे ते हे की, जगाच्या परिषदेत जे भांडण आहे तेच गोदावरीवर आहे. आणि तेच, लाज वाटते सांगायला, आमच्या विहिरीवर होते.

मानवत तालुक्यात आमची जमीन आहे. विहीर माझ्या सासऱ्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर खोदलेली, थोरल्या दिरांची आणि आमची सामाईक. दोन मोटारी. २०२२ पासून दोघा भावांचे बोलणे बंद होते. दिरांनी एकरभर ऊस लावला. आमचा हरभरा आणि ज्वारी. आमचे हे म्हणत, "त्याचा ऊस सगळी विहीर पितो." दीर म्हणत, "तू परभणीला राहतोस, पंधरा दिवसांनी येतोस, तुला पाण्याची कळ काय?" २०२३ साली पावसाने ओढ दिली आणि गोष्ट हातघाईवर आली. त्या हिवाळ्यात दिवाळीचा फराळही इकडून तिकडे गेला नाही.

संक्रांत आली. कोणाला न विचारता मी मुलीला घेऊन जाऊबाईंकडे तिळगूळ घेऊन गेले. त्यांनी वाण दिले, चहा केला, आणि दोघी गप्प बसलो. मग मी म्हटले, "वैनी, एक खेळ खेळू. तुम्ही माझ्या जागी बसून बोला, मी तुमच्या जागी बसून बोलते." त्यांना वाटले, हिला काय झाले. पण सुरुवात मीच केली. मी त्यांच्या बाजूने बोलू लागले : पोरीच्या लग्नाचे कर्ज आहे, सोयाबीनचा भाव पडला, कारखान्याचा पैसा उशिरा का होईना येतो, म्हणून ऊस लावला. बोलता बोलता माझाच आवाज बदलला. दोन वर्षांत हे मला एकदाही सुचले नव्हते. मग जाऊबाई माझ्या जागी बसून म्हणाल्या, "दर खेपेला येऊन पाहावं तर हरभरा सुकलेला, आन् विहिरीवर मोटार यांचीच चालू." एवढे बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मीही लावला.

पुरुष काही असा खेळ खेळणार नव्हते. तेव्हा मुलीने दुसरी युक्ती काढली. तिने आम्हाला सांगितले की, २०१५ साली, पॅरिसच्या परिषदेच्या सहा महिने आधी, फ्रान्समध्ये नांतेर येथे एका नाट्यगृहात देशोदेशीच्या सुमारे दोनशे विद्यार्थ्यांनी अशीच नकली परिषद भरवली होती. आणि तिथे नुसते देशच नव्हते, तर महासागर, अरण्य आणि माती ह्यांच्या वतीने बोलणारे विद्यार्थीही बसले होते. "तर मी विहिरीच्या वतीनं बसते," ती म्हणाली. आठ दिवस ती गावी राहिली. दोर घेऊन सकाळ-संध्याकाळ पाणी मोजले, वहीत लिहिले. मग काका आणि वडील दोघांना विहिरीच्या कठड्यापाशी बोलावून तिने वही वाचली : रात्रीतून जेवढे पाणी चढते त्यावर एक मोटार पाच तास चालते. काकांना लागतात सहा, बाबांना तीन; बेरीज नऊ. "तुम्ही दोघंबी खरं बोलायलात. पर मी विहीर आहे, माझ्यापाशी पाचच आहेत."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दीर म्हणाले, "पोरगी विहिरीकडून बोलायली, तर आपण कुणाकडून बोलावं?" दोन वर्षांनी भावाकडे पाहून बोललेले ते पहिले वाक्य.

जे ठरले ते असे : उभा ऊस जगवायचा, कारण त्यात कर्ज अडकले आहे, पण तोडणीनंतर खोडवा ठेवायचा नाही. आम्ही हरभऱ्याचे शेवटचे पाणी सोडून द्यायचे. त्यात आमचा हरभरा निम्म्यावर आला, हे मी झाकून ठेवत नाही. घरात त्यावरून मला चार शब्द ऐकावेही लागले. तहात प्रत्येकाला थोडे दुखते. ज्या तहात एकालाच दुखते तो तह टिकत नाही.

काही भगिनी म्हणतील, खेळ खेळून पाऊस पडतो काय? नाही पडत. आपल्याला शिष्टाईची मोठी गोष्ट ठाऊक आहे ती कृष्णाची. पाच गावे मागूनही ती फसली आणि युद्ध झालेच. खऱ्या परिषदांतही तसे होते. श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ म्हणून २००९ साली कोपनहेगनला कबूल केले, ते पुरे व्हायला २०२२ साल उजाडले. २०२४ साली बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज असा आकडा ठरला, तेव्हा आपल्या देशाच्या प्रतिनिधी बाईंनी उभे राहून सांगितले की हे अपुरे आहे, आम्हाला मान्य नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने पॅरिस करारातून पुन्हा अंग काढून घेण्याचे जाहीर केले. तेव्हा खेळाने जग सुधारते असे मी म्हणत नाही. पण २०१८ साली ह्या खेळाचा एक अभ्यास छापून आला. आठ देशांतील दोन हजारांवर खेळणारे त्यात होते. त्यांतील ८१ टक्के लोकांची ह्या प्रश्नासाठी काही करण्याची इच्छा खेळानंतर वाढली होती. नुसते व्याख्यान ऐकून असे होते असे मला वाटत नाही. माझे हे व्याख्यानही त्यातच आले.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या महिन्याच्या हळदीकुंकवाला गाणी-उखाणे होतीलच. त्यांच्या आधी एक तास आपण असा खेळ खेळू. जग नको, आपल्या गल्लीचा नळ घेऊ. वरच्या गल्लीच्या बायकांनी खालच्या गल्लीच्या जागी बसायचे, घरमालकिणीने भाडेकरणीच्या, आणि एकीने नळाच्या वतीने बसायचे. आपल्या मुलींनाही बोलवू. घरात पाणी आणते बाई, भरते बाई, पुरवते बाई. आणि पाण्याबद्दल चार माणसे बसली की बाई चहा करायला आत जाते. बोलायची सवय एकदम येत नाही. भातुकलीत हात बसला की मग खरी चूल पेटवता येते. मी सतरंजीवर बसून एकदा बोलले, म्हणून विहिरीवर बोलू शकले. विहिरीवर बोलले, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

शेवटी एक सांगून पुरे करते, म्हणजे आमचे सगळे गोड झाले असा तुमचा समज होऊ नये. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्याने जो कहर केला, तो तुम्हीही भोगला आहे. आमच्या विहिरीचा एका बाजूचा कठडा त्यात ढासळला, आत गाळ भरला आणि एक मोटार गाळात गेली. ज्या विहिरीत पाणी नाही म्हणून दोघे भाऊ भांडले, ती पाण्यानेच बुजवली. आता गाळ काढायचा आणि बांधकामाचा खर्च कोणी किती द्यायचा, हा प्रश्न आहे. जमीन त्यांची जास्त, बुडालेली मोटार आमची. ते बोलणे अजून व्हायचे आहे. येत्या रविवारी आम्ही गावी जाणार आहोत. मुलीने वही घेतली आहे, मी तिळाचे लाडू बांधले आहेत.